सहा मालक आणि एक कारखाना

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात असतानाच आपण विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" मग हळूच, "कितीला पडली?" कंपनी कोणाची, हे कोणी विचारत नाही. टाटांची गाडी कोणाची, हे काय विचारायचं? आज मी ज्या कोरियन मोटार कंपनीबद्दल बोलणार आहे, तिच्याबाबत मात्र हाच प्रश्न आधी विचारावा लागतो, कारण त्याचं उत्तर सारखं बदलत आलंय. जवळजवळ सत्तर वर्षांत सहा मालक. मधल्या फटींमध्ये कधी बँका, कधी न्यायालय. आणि त्या सहांपैकी एक मालक आपल्या मुंबईतला.

कंपनीचं नाव सँगयाँग. अर्थ, ड्रॅगनची जोडी. ह्युंदाई आणि किया ही नावं आपल्याला पाठ झाली आहेत. सँगयाँग म्हटलं की बहुतेकांच्या कपाळावर आठी पडते. पण तुम्ही या कंपनीची गाडी पाहिली आहे, कदाचित रोज बघता. कशी, ते शेवटी सांगतो.

सुरुवात १९५४ सालची. कोरियन युद्ध थांबून वर्षही झालं नव्हतं. सोल शहरात हा डोंग-ह्वान नावाच्या तरुणाने वर्कशॉप काढलं. बस बांधायची म्हटलं तर पत्रा नाही, इंजिन नाही. अमेरिकन सैन्याने टाकून दिलेल्या ट्रकचे सांगाडे मात्र ढिगाने पडले होते. ते घ्यायचे, रिकामी पिंपं चिरून हातोड्याने सपाट करायची आणि त्या पत्र्याची बॉडी ठोकायची. या धंद्यावरून हा डोंग-ह्वान यांना पुढे 'पिंपांच्या बसचा राजा' म्हणू लागले. आपल्याकडे भंगारातून 'जुगाड' करणारे काही कमी नाहीत, पण या जुगाडू माणसाने १९६६ मध्ये आपल्या बस थेट ब्रुनेईला निर्यात केल्या, हे ऐकल्यावर मी तरी टोपी काढली.

१९७७ मध्ये या कंपनीचं नाव झालं डोंग-आ मोटर. १९८४ मध्ये तिने जीप बनवणारी दुसरी एक कंपनी विकत घेतली. ही जीप मूळची अमेरिकन सीजे-५, परवान्यावर कोरियात बनणारी. नाव ठेवलं होतं कोरांडो. 'कोरियन कॅन डू', म्हणजे कोरियन माणूस करून दाखवतो, यातली अक्षरं जुळवून केलेलं नाव. इथे एक गंमत लक्षात ठेवा. महिंद्रांनी मोटारधंद्यात पाऊल टाकलं तेही १९४७ मध्ये, अमेरिकन विलीज जीप जोडून. म्हणजे पुढे ज्या दोन कंपन्यांचं लग्न लागलं, त्यांचं कुलदैवत एकच होतं.

दुसरा मालक आला १९८६ मध्ये. सँगयाँग हा सिमेंट आणि बाकी बऱ्याच धंद्यांत असलेला मोठा उद्योगसमूह. १९८८ पासून गाड्यांवरही तेच नाव आलं. या समूहाच्या प्रमुखांना मोटारींचं वेड होतं, आणि ज्या माणसाला वेड असतं त्याच्या हातून चांगल्या गोष्टीही होतात आणि कर्जही होतं. दोन्ही झालं.

चांगली गोष्ट आधी सांगतो. १९९१ मध्ये जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझशी तंत्रज्ञानाचा करार झाला. त्यातून १९९३ मध्ये मुसो नावाची एसयूव्ही आली. मुसो म्हणजे गेंडा. बाहेरचं रूप इंग्लंडच्या केन ग्रीनली यांनी काढलेलं, बॉनेटखाली मर्सिडीजचं पाच सिलिंडरचं डिझेल. १९९६ मध्ये नवी कोरांडो आली. गोल दिवे, पसरलेले फेंडर, दोनच दारं. नव्वदीच्या शेवटी कॉलेजात असलेल्या कोरियन मुलांना विचारा, स्वप्नातली गाडी कोणती, तर ही. १९९७ मध्ये चेअरमन आली, मर्सिडीजच्या जुन्या ई-क्लासच्या पायावर उभी केलेली लांबलचक सिडान. नावातच ग्राहक सांगून टाकलेला.

आणि नेमकं त्याच वर्षी आशियातलं आर्थिक संकट कोरियावर कोसळलं. कर्जाचं ओझं पेलेना, म्हणून १९९८ च्या सुरुवातीला कंपनी देवूच्या ताब्यात गेली. हा तिसरा मालक. देवू म्हटल्यावर आपल्याला सिएलो आणि मॅटिझ आठवतात, आणि ती कंपनी बुडाल्यावर पार्टसाठी वणवण करणारे शेजारीही आठवतात. देवू दीड-दोन वर्षांतच कोसळली. मुसो आणि कोरांडोच्या नाकावर देवूची जाळी बसली आणि पुन्हा निघाली, एवढीच त्या संसाराची खूण.

देवूनंतर बँकांच्या ताब्यात असताना २००१ मध्ये रेक्स्टन ही मोठी एसयूव्ही आली आणि कोरियात चांगली खपली. २००४ मध्ये चौथा मालक आला, चीनची शांघाय ऑटोमोटिव्ह. आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाने ज्या गाड्या फिरतात, त्या ब्रँडची मालकीण तीच. (जाता जाता, त्याच २००४ मध्ये टाटांनी देवूचा ट्रकचा कारखाना घेतला, कोरियातल्याच गुनसान शहरात. तो व्यवहार शांतपणे पार पडला, म्हणून त्यावर कोणी भाषण करत नाही.) चिनी मालकाने कबूल केलेली गुंतवणूक केली नाही आणि तंत्रज्ञान मात्र नेलं, असा आरोप कोरियन कामगार आजही करतात. २००८ च्या मंदीत डिझेल महागलं, मोठ्या गाड्या पडून राहिल्या, आणि २००९ च्या जानेवारीत कंपनी न्यायालयाच्या दारात उभी राहिली.

इथे मला जरा थांबायचं आहे.

न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापनाने कामगारकपातीचा आकडा जाहीर केला, २,६४६. एकूण मनुष्यबळाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. सोलच्या दक्षिणेला प्योंगटेक शहरात कंपनीचा मुख्य कारखाना आहे. २२ मे २००९ रोजी कामगारांनी तो आतून ताब्यात घेतला. पुढचे ७७ दिवस ते आत होते. पाणी तोडलं, गॅस तोडला. छतावरून कामगार गलोलीने नट-बोल्ट मारत होते, वरून पोलिसांची हेलिकॉप्टर अश्रुधुराचं द्रावण ओतत होती. तेरा वर्षांनी, २०२२ मध्ये, कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हेलिकॉप्टरचा तसा वापर बेकायदा ठरवला. पण तेव्हा, ६ ऑगस्ट २००९ ला, संप मिटला तो कामगार हरून. १९८२ चा गिरणी संप ज्या घरांनी पाहिलाय, त्यांना पुढचं मी सांगायची गरज नाही. नोकरी गेलेल्याला त्या गावात दुसरी नोकरी मिळेना. आजार, नैराश्य, आत्महत्या. २०१८ पर्यंत कामगार आणि त्यांच्या घरची माणसं धरून तीस जण गेले होते.

वर नुकसानभरपाईचे दावे. संपकऱ्यांनी ४७० कोटी वॉन भरावेत, असा निकाल २०१३ मध्ये लागला. तेव्हा एका सामान्य वाचक बाईने एका साप्ताहिकाला पत्र पाठवलं. सोबत ४७ हजार वॉन. हिशेब साधा होता, अशी एक लाख माणसं निघाली की रक्कम पुरी. पूर्वी कोरियात पगार पिवळ्या पाकिटातून मिळायचा, म्हणून या मोहिमेचं नाव पडलं पिवळं पाकीट. संपकऱ्यांवरच्या अशा दाव्यांना वेसण घालणारा कायदा कोरियाच्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला. लोक त्याला पिवळ्या पाकिटाचा कायदा म्हणूनच ओळखतात.

तर अशा घरात आपले महिंद्र २०११ च्या मार्चमध्ये जावई म्हणून गेले. सत्तर टक्के भागभांडवल, किंमत साधारण २,१०० कोटी रुपये. पाचवा मालक.

महिंद्रांना काय हवं होतं? मोठ्या एसयूव्हीचं तंत्रज्ञान आणि जगभरातलं विक्रीचं जाळं. आणि २०१२ मध्ये रेक्स्टन आपल्या चाकणला जुळू लागली. कोरियातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या, चाकणमध्ये गाडी उभी राहायची. सत्तावीसशे सीसीचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, वरच्या मॉडेलला मर्सिडीजचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. किंमत अठरा-वीस लाखांच्या घरात, म्हणजे फॉर्च्युनरपेक्षा बरीच कमी.

आता दुसऱ्या प्रकारच्या मालकांकडे वळू, म्हणजे ज्यांनी पदरचे पैसे घालून गाडी घेतली त्यांच्याकडे. मला यांचंच जास्त ऐकावंसं वाटतं.

माझ्या एका मित्राच्या मेव्हण्यांकडे रेक्स्टन होती. त्यात बसून मी कसारा घाट चढलो आहे. पाच सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज चार सिलिंडरच्या कडकडाटासारखा नसतो. एक लय असते, थोडी घुमणारी. गाडी भरलेली, एसी चालू, आणि मेव्हणे एका हाताने स्टिअरिंग धरून सांगत होते, "बघा, बेंझ आहे बेंझ." बॅज वेगळा, पण ही खात्री त्यांच्या मनात पक्की होती. मुसोपासून रेक्स्टनपर्यंत या गाड्यांचे मालक कुठल्याही देशात भेटले तरी तिसऱ्या वाक्यात मर्सिडीज येतेच.

रेक्स्टनवाल्यांची पसंती इंजिनाला, लांबच्या प्रवासातल्या आरामाला आणि किमतीच्या मानाने मिळणाऱ्या ऐवजाला. नापसंतीची यादी वेगळी. वळणावर गाडी झुकते. शहरात अ‍ॅव्हरेज रडवतं. आणि सगळ्यात मोठं दुखणं, पार्ट. गाडी कमी खपली की पार्टचा साठा कमी, साठा कमी की वाट बघणं आलं. मग गाडी विकायला काढावी, तर जुन्या बाजारात दलाल आधी नाव नीट म्हणायचा प्रयत्न करतो आणि मग भाव पाडतो. यात दलालाचं काही चुकत नाही, त्यालाही ती पुढे विकायची असते. पण ज्याला विकायचीच नाही, दहा-पंधरा वर्षं ठेवायची आहे, त्याच्यासाठी हाच पडलेला भाव वरदान ठरतो. इंजिनाची हिस्ट्री पक्की असलेली, गिअरबॉक्सचं ऑइल वेळेवर बदललेली जुनी रेक्स्टन घेऊन खूश असलेले लोक आहेत. त्यांचा स्वभाव सारखा असतो. मेकॅनिक त्यांचा घरचा असतो आणि त्यांच्याकडे वेळ असतो.

ब्रिटनमधले मालक तर अगदी निराळ्या कारणाने ही गाडी घेतात. तिथले शेतकरी आणि कॅरव्हान घेऊन फिरणारे निवृत्त लोक हिचे खरे गिऱ्हाईक. त्यांना टोचन मारायला दणकट गाडी हवी असते. घोड्यांचा ट्रेलर, बोट, चाकांवरचं घर. रेक्स्टन साडेतीन टन ओढते, आणि लँड रोव्हरच्या तुलनेत पैसे कितीतरी कमी. प्रतिष्ठेची हौस नसलेल्या, चिखलात राबणाऱ्या माणसाने निवडलेली गाडी, याहून चांगलं प्रशस्तिपत्रक एखाद्या एसयूव्हीला कुठून मिळायचं?

आणि मग रोडियस. २००४ ची ही मोठी कुटुंबगाडी, तीही केन ग्रीनली यांचीच. आलिशान नौकेवरून रूप सुचलं म्हणे. जगातल्या सर्वांत कुरूप गाड्यांची यादी कोणीही केली तरी रोडियस तिच्यात हक्काने असते. मागचा भाग तर असा दिसतो की एका गाडीवर दुसऱ्या गाडीचं डोकं ठेवलंय. पण तिच्या मालकांना विचारा. कोरियात ती अकरा आसनांची मिळायची, कारण तेवढ्या आसनांवर कर कमी लागतो, आणि सहा माणसं आत असली की महामार्गावर बसच्या राखीव लेनमधून जाता येतं. सणाला गावी निघालेलं कोरियन कुटुंब ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या देखण्या गाड्यांकडे बघत बघत त्या लेनमधून पुढे जातं. आतल्या माणसाला गाडीचं बाहेरचं रूप दिसत नाही, हा मुद्दा टीकाकार विसरतात.

परत प्योंगटेकला. २०१४ च्या डिसेंबरात दोन बडतर्फ कामगार कारखान्याच्या सत्तर मीटर उंच धुराड्यावर जाऊन बसले, ऐन थंडीत. महिनाभरात टिवोली नावाची नवी छोटी गाडी येणार होती, महिंद्रांच्या पैशातून तयार झालेली पहिली. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली तर 'आय लव्ह इट'च्या जवळ जाणारं नाव. त्याच वेळी ली ह्योरी या कोरियाच्या लोकप्रिय गायिकेने जाहीर करून टाकलं की, टिवोली खूप खपली आणि त्या कामगारांना परत घेतलं, तर मी गाडीसमोर बिकिनी घालून नाचेन. जाहिरात फुकटात झाली. जानेवारी २०१५ मध्ये आनंद महिंद्र सोलला आले तेव्हा पत्रकारांनी कामगारांचाच प्रश्न लावून धरला. कंपनी नफ्यात आली की २००९ मध्ये घरी गेलेल्यांना क्रमाने घेऊ, असं त्यांचं उत्तर होतं.

टिवोली खपली. पहिल्याच वर्षी कोरियात ४५ हजार. २०१६ मध्ये कंपनीने नऊ वर्षांनी नफा पाहिला. पण तो टिकला नाही. ह्युंदाई आणि कियाने त्याच आकाराच्या गाड्या आणल्या आणि टिवोलीचा घास हिरावला. एका गाडीवर कारखाना किती दिवस जगणार? जुलै २०१८ मध्ये कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन दिल्लीत आले असताना त्यांनी स्वतः आनंद महिंद्रांकडे कामगारांचा विषय काढला. सप्टेंबरमध्ये उरलेल्या ११९ जणांना परत घ्यायचा करार झाला. शेवटची तुकडी कामावर रुजू झाली मे २०२० मध्ये, अकरा वर्षांनी. आणि त्याच्या एकच महिना आधी, एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या तडाख्यात महिंद्रांच्या संचालक मंडळाने सँगयाँगमध्ये आणखी मोठा पैसा घालायला नकार दिला होता. अकरा वर्षं फाटकाबाहेर उभं राहून माणूस आत जातो, तेव्हा मालक बाहेर पडायच्या तयारीत असतो.

महिंद्रांना दोष द्यावा का? कोरियात बरेच जण देतात. मला विचाराल तर त्यांनी चिनी मालकापेक्षा बरंच अधिक दिलं आणि जे द्यायचं कबूल केलं त्यापेक्षा थोडं कमी. आणि त्यांना जे न्यायचं होतं, ते त्यांनी नेलंच. त्याकडे येतोच.

डिसेंबर २०२० मध्ये कंपनी पुन्हा न्यायालयात. विजेच्या बस बनवणारी एक छोटी कंपनी घ्यायला पुढे आली, तिला पैसे जमेनात. शेवटी २०२२ मध्ये केजी ग्रुप या कोरियन उद्योगसमूहाने घेतली. सहावा मालक. त्याच वर्षी टोरेस ही नवी एसयूव्ही आली आणि आगाऊ नोंदणीच्या पहिल्याच दिवशी १२ हजारांवर नोंदण्या झाल्या. कारण काय, तर चेहरा. जुन्या कोरांडोची आणि मुसोची उभी, चौकोनी, रांगडी ठेवण. नव्वदीत ज्यांना ती गाडी परवडली नाही, ते आता पन्नाशीत आले होते, आणि हातात पैसा होता. टोरेसच्या मालकांची तक्रार मात्र अगदी आजच्या काळातली आहे, एसीची बटणं काढून सगळं काचेच्या पडद्यावर का नेलं? गाडी चालवताना बोट कुठे टेकवायचं?

मार्च २०२३ मध्ये कंपनीचं नाव झालं केजी मोबिलिटी. सँगयाँग या नावावर प्रेम करणारे आहेत, पण त्या नावाला दुःखही चिकटलं आहे, असं नव्या मालकांनी सांगितलं. नाव पुसलं तरी २०२५ मध्ये विजेवरची पिकअप काढताना त्यांनी तिला काय म्हटलं? मुसो. गेंडा काही मेलेला नाही.

आता राहिला आपला हिशेब. रेक्स्टननंतर २०१८ मध्ये तिचीच नवी पिढी अल्टुरास जी-४ या नावाने चाकणहून निघाली. नऊ एअरबॅग, मऊ चामड्याच्या सीट, मर्सिडीजचा सात गिअरचा ऑटोमॅटिक. ज्यांनी घेतली ते आजही हळहळतात की इतकी गाडी लोकांना कळली नाही. पण सत्तावीस लाखांपासून पुढे पैसे मोजणाऱ्या माणसाला आपल्याकडे फॉर्च्युनरच हवी असते. तालुक्याच्या राजकारणात पांढरी फॉर्च्युनर हे जणू अर्जासोबत जोडायचं कागदपत्र आहे. तिथे अल्टुरास काय करणार? २०२२ मध्ये ती बंद झाली.

टिवोली मात्र टिकली. महिंद्रांनी तिचा सांगाडा नाशिकला आणला. अडचण एकच होती. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, आणि टिवोली होती चार मीटर साडेएकोणीस सेंटिमीटर. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तसंच ठेवलं, रुंदी ठेवली, आणि मागचं वीतभर शेपूट कापलं. २०१९ च्या फेब्रुवारीत एक्सयूव्ही ३०० बाजारात आली. पुढच्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत तिला पाच तारे मिळाले. तिचे मालक डिझेल इंजिनाच्या ओढीवर आणि घाटातल्या पकडीवर खूश असतात, रुंद गाडीत मागे तिघं मोकळे बसतात म्हणून घरचेही खूश. मग दिवाळीला गावी निघायची वेळ येते. डिकी उघडतात, दोन बॅगा ठेवतात, आणि फराळाचा डबा कोणाच्या मांडीवर द्यायचा यावर चर्चा सुरू होते.

हीच गाडी २०२४ पासून थोडं रूप बदलून थ्रीएक्सओ नावाने विकली जाते. डिकी जराशी वाढलीय. उद्या सिग्नलला ती शेजारी थांबली तर मागच्या चाकाच्या पुढे बघू नका, मागे बघा. चाकानंतर गाडी लगेच संपते. प्योंगटेकहून आलेली ती वीत तिथे होती.

नमस्कार.